विद्यार्थ्यांचे निलंबन व निष्कासन

शिस्तभंगाच्या किंवा गैरवर्तनाच्या कारणावरून शाळेतील विद्यार्थ्यास काही मुदतीपर्यंत वर्गात बसण्यास मनाई करणे म्हणजे निलंबन आणि त्याचा त्या शाळेशी असलेला संबंध कायमचा तोडणे म्हणजे निष्कासन होय. या दोहोंहून वेगळा असा तिसराही प्रकार शिक्षणसंहितांत आढळतो. त्यात विद्यार्थ्यास नेमून दिलेल्या काळात कोणत्याच मान्यताप्राप्त शाळेत प्रवेश मिळू शकत नाही. बोलीत यालाच ‘रस्टिकेट करणे’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘ग्रामीण प्रदेश’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांत विद्यार्थ्यास काही काळ गावी धाडून देण्याची जी शिक्षा असे, तिच्यावरून तो रूढ झाला. निष्कासित विद्यार्थ्याला दुसऱ्या शाळेचे दार उघडे असते; रस्टिकेट झालेल्या विद्यार्थ्याला मुदत संपेपर्यंत सर्वच दारे बंद असतात. व्यवहारात मात्र हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून पालकांचा व पुष्कळदा मुख्याध्यापकांचाही गोंधळ होतो. मराठीत ‘नाव काढणे’ म्हणजे कीर्ती मिळविणे. ‘शाळेतून नाव काढणे’ याचा अर्थ नेमका उलट. ‘हातात दाखला देणे’ हा वाक्प्रचारही निष्कासनाचाच वाचक आहे, आणि तो अधिक नेमका आहे. कारण महाराष्ट्रात मुलाला शाळेबाहेर घालविण्याचे खरे साधन लेखी शिक्षेचा आदेश हे नसून शाळा सोडल्याचा दाखला हेच आहे.

हा विषय एखाद्या जिल्ह्याच्या संदर्भात पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंत अहमदनगर) त्या दृष्टीने सोयीचा आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा, खाजगी अनुदानित माध्यमिक विद्यालये, एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेल्या परंपरेतील शाळा, अकोले तालुक्यातील आदिवासी आश्रमशाळा, पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथील जवाहर नवोदय विद्यालय, अहिल्यानगर शहर परिसरातील केंद्रीय विद्यालये अशा भिन्न नियमांनी चालणाऱ्या शाळा या एकाच जिल्ह्यात आहेत. यांतील प्रत्येक ठिकाणी मुलाला घरी पाठविण्याचा अधिकार कोणाचा आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची, याचे उत्तर वेगवेगळे मिळते.

इतिहास : पंतोजींच्या शाळांत छडी, कोंबडा, अंगठे धरणे अशा शारीरिक शिक्षांची रेलचेल होती; परंतु शाळेतून काढून टाकण्याची शिक्षा क्वचितच दिली जाई. पंतोजीचा चरितार्थ मुलागणिक मिळणाऱ्या धान्यावर वा पैशांवर चाले. मूल घालविणे म्हणजे उत्पन्न घालविणे होते. निष्कासन ही शिक्षा म्हणून रूढ झाली ती सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थेत. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर अनुदानपद्धती आली, अनुदानाबरोबर संहिता आली आणि संहितेबरोबर शाळाशाळांमधील व्यवहाराचे नियम आले. एका शाळेने काढलेला मुलगा दुसऱ्या शाळेने परस्पर दाखल करून घेऊ नये, यासाठी मागील शाळेच्या दाखल्याची अट घालण्यात आली. अशा रीतीने दाखला हे शिस्तीचे हत्यार बनले.

या हत्याराचा राजकीय उपयोग वंगभंगाच्या चळवळीत उघड झाला. १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारने काढलेल्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांच्या राजकीय हालचालींना आळा घालण्याची जबाबदारी शाळा-महाविद्यालयांवर टाकली आणि ती न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान व सवलती धोक्यात आणल्या. त्यापूर्वीच, १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केल्यावरून वि. दा. सावरकर यांना फर्ग्युसन महाविद्यालयाने दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले होते. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधून के. ब. हेडगेवार यांचे निष्कासन झाले ते ‘वंदे मातरम्’च्या घोषणेवरून. नगर जिल्ह्यातील पारनेरचे पां. म. बापट (पुढे सेनापती बापट, १८८०–१९६७) यांना एडिंबरो येथे शिकत असताना ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केल्यामुळे शिष्यवृत्ती गमवावी लागली. ही शिक्षा निष्कासनाची नव्हे. पण गरीब विद्यार्थ्याच्या बाबतीत आर्थिक आधार काढून घेणे आणि काढून टाकणे यांत फारसे अंतर उरत नाही. काढलेल्या मुलांना सामावून घेण्यासाठी राष्ट्रीय शाळा निघाल्या; यवतमाळची राष्ट्रीय शाळा व तळेगावचे समर्थ विद्यालय ही त्यांची उदाहरणे होत.

याच काळात सक्तीच्या शिक्षणाचा विचारही मूळ धरीत होता. बडोदे संस्थानात १९०६ मध्ये व कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास कोल्हापुरात दंड करण्याची तरतूद होती. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ यानेही हजेरीचे दायित्व पालकावरच ठेवले. या कायद्यांच्या दृष्टीने मुलाची गैरहजेरी हा पालकाचा अपराध होता. शाळेने मुलाला बाहेर ठेवले तर तो कोणाचा अपराध, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. तो विचारला जाण्यास आणखी साठ वर्षे लागली.

कायदेशीर स्थिती : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १६ अन्वये प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी इयत्ता, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही. मूळ कलमात मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यासही मनाई होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण होणाऱ्यांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ती स्वीकारली. निष्कासनाची मनाई मात्र या दुरुस्तीनंतरही जशीच्या तशी आहे. अनुत्तीर्ण मुलाला ठेवून घ्यावे लागते, घालविता येत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे दुरुस्तीविषयी बराच गैरसमज पसरलेला आढळतो. कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी घातली असून तिचा भंग करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते.

निलंबनाचा उल्लेख या अधिनियमात नाही. त्यामुळे ‘काढून टाकले नाही, केवळ घरी बसविले आहे’ असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० व सहावी ते आठवीसाठी २२० दिवस अध्यापन झाले पाहिजे, आणि प्रत्येक बालकाची उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता यांची खात्री करणे हे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. मुदत न सांगता दिलेले निलंबन हे या कर्तव्याशी विसंगत असून परिणामतः ते निष्कासनच ठरते.

अधिनियमाचे संरक्षण सर्व शाळांत सारखे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रमती न्यासाच्या प्रकरणात अल्पसंख्याकांच्या शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या अधिनियमाच्या बाहेर ठेवले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने या निर्णयाच्या यथार्थतेविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवण्याची शिफारस केली. मिशनच्या जुन्या शाळा असलेल्या नगरसारख्या जिल्ह्यात हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही.

नववी व दहावीचे विद्यार्थी कलम १६ च्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या बाबतीत माध्यमिक शाळा संहिता लागू होते. ही संहिता विधिमंडळाने केलेला कायदा नसून शासनाच्या प्रशासकीय सूचनांचा संग्रह आहे. तिचे पालन मान्यता व अनुदान यांच्या अटींमुळे होते. निलंबन, निष्कासन व रस्टिकेशन या शिक्षा गंभीर गैरवर्तनासाठीच आहेत व त्या मुख्याध्यापकाने पूर्ण विचारांती द्यावयाच्या आहेत, हे तिच्यामागील तत्त्व होय. चौकशी कशी करावी, किती दिवसांत करावी, विद्यार्थ्याच्या बाजूने कोणी बोलावे, यांविषयीचा तपशील मात्र तुटपुंजा आहे. याच शाळांतील शिक्षकांसाठी असलेल्या १९७७ च्या कर्मचारी सेवाशर्ती अधिनियमाशी व त्याखालील १९८१ च्या नियमावलीशी तुलना केली असता ही उणीव डोळ्यांत भरते. निलंबित शिक्षकाला निर्वाहभत्ता मिळतो, आरोपपत्र मिळते, चौकशी समितीत आपला प्रतिनिधी मिळतो आणि अखेरीस शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी यांपैकी एकही गोष्ट नियमाने बांधलेली नाही.

ही पोकळी न्यायालयांनी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाने काही अंशी भरून काढली आहे. परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल विद्यार्थ्यावर कारवाई करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाविरुद्धच्या घनश्यामदास गुप्ता प्रकरणात ठरविले. १९७० मध्ये बिहारच्या एका प्रकरणात, संपूर्ण केंद्रावरच सामुदायिक कॉपी झाली असेल तर प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी आवश्यक नाही, अशी मर्यादाही त्याने घालून दिली. शालेय निष्कासनासंबंधी सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य (१९८६). राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, परंतु धर्मश्रद्धेमुळे ते न गाणारी तीन भावंडे जुलै १९८५ मध्ये शाळेतून काढण्यात आली होती. मुलांचे वर्तन एरवी निर्दोष होते, हे चौकशीत मान्य झाले होते. खात्याच्या परिपत्रकाला कायद्याचे बळ नाही व त्याच्या आधारे मूलभूत हक्क हिरावता येत नाही, असे म्हणून न्यायालयाने मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. संहिताही परिपत्रकांसारखीच प्रशासकीय स्वरूपाची असल्याने या निर्णयाचा महाराष्ट्रातील शाळांशी निकटचा संबंध पोहोचतो. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये, ओहायोतील कोलंबस येथील प्रकरणात, दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनासाठीही आरोपाची सूचना व म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे असे ठरविले. इंग्लंडमध्ये एका शैक्षणिक वर्षात एकूण ४५ शालेय दिवसांहून अधिक काळ तात्पुरते वगळता येत नाही. भारतात दिवसांची अशी देशव्यापी कमाल मर्यादा कोठेही नाही.

फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर ठेवणे ही शिस्तीची नव्हे, वसुलीची कारवाई आहे. पण तिचे रूप निलंबनाचेच असते. कोविड साथीच्या काळातील फीविषयी राजस्थानच्या प्रकरणात निर्णय देताना मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थकबाकीपायी विद्यार्थ्यास वर्गास बसण्यापासून रोखू नये असे सांगितले. एचआयव्ही बाधित मुलाला त्या कारणावरून शिक्षणापासून दूर ठेवण्यास २०१७ च्या अधिनियमाने मनाई केली आहे.

कार्यपद्धती : सुव्यवस्थित माध्यमिक विद्यालयात कारवाईचा क्रम असा असावयास हवा. घडलेल्या प्रकाराची नोंद त्याच दिवशी व्हावी आणि वर्गशिक्षकासमक्ष विद्यार्थ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. तयार मजकुरावर मुलाची सही घेणे, विशेषतः ‘माफीपत्र’ म्हणून, ही सर्रास रूढ असलेली पद्धत चौकशी या नावाला पात्र नाही. पालकांना आरोप लेखी कळवून भेटीचा दिवस द्यावा. पालकांचे ऐकल्यावर मुख्याध्यापकाने शाळा समितीशी विचारविनिमय करून निर्णय द्यावा. आदेशात कारण, मुदतीची पहिली व शेवटची तारीख, आणि दाद कोठे मागावयाची, हे नमूद असावे. मुलाला परीक्षेस बसू द्यावे. शिक्षा निष्कासनाची वा रस्टिकेशनची असल्यास ती जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यास कळविणे अगत्याचे आहे. त्याच्या वर पुण्याचे विभागीय शिक्षण उपसंचालक असतात. तेथेही दाद न मिळाल्यास नगर जिल्ह्यातील पालकांना संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाता येते. आठवीपर्यंतच्या मुलासाठी मार्ग वेगळा आहे : तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करावयाची, तिने तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा आणि त्यावरील अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे चालावयाचे. ज्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे तेथे तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असल्याने बरीच प्रकरणे गावातच मिटू शकतात. अर्थात गावातील बलवत्तर घराचा मुलगा आणि पालावरच्या घराचा मुलगा यांच्यात भांडण झाले असेल, तर समितीतील बहुमत कोणाच्या बाजूला झुकेल, हे सांगण्यास शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

दहावीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत निलंबनाचा आणखी एक परिणाम होतो. राज्य मंडळाच्या परीक्षेस नियमित विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. निलंबनाचे दिवस गैरहजेरीत धरले गेल्यास लहान शिक्षेतून वर्ष वाया जाण्याची मोठी शिक्षा उत्पन्न होते. अशा प्रसंगी हजेरीतील तूट माफ करण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकाने मंडळाच्या पुणे विभागाकडे पाठवावयाचा असतो.

निवासी शाळांचा प्रश्न अधिक बिकट आहे. राजूर येथील प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतील आश्रमशाळेतून मुलाला ‘आठ दिवस घरी’ पाठविणे म्हणजे त्याचे जेवण, निवारा व अभ्यास तिन्ही एकदम बंद करणे होय. दिवसाच्या शाळेसाठी सौम्य असलेली शिक्षा येथे सर्वांत कठोर ठरते. शिवाय डोंगरातल्या पाड्यावर गेलेला मुलगा मुदत संपल्यावर आपण होऊन परत येईलच असे नाही.

अघोषित निलंबन व पटावरून नाव कमी होणे : लेखी आदेशाने निलंबित होणारी मुले थोडी असतात. अधिक मुले ‘वडिलांना घेऊन ये, तोवर वर्गात बसू नकोस’ या एका वाक्याने बाहेर राहतात. या वाक्याची कोठेही नोंद होत नाही, त्यामुळे त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही. शहरातील नोकरदार पालक दुसऱ्या दिवशी हजर होतो. पाथर्डी, शेवगाव किंवा जामखेड तालुक्यातील ऊसतोडणी कामगाराच्या मुलाचे तसे नसते. आईवडिलांची जोडी, म्हणजे ‘कोयता’, दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेलेली असते आणि हंगाम संपल्याशिवाय परत येत नाही. मूल आजीआजोबांकडे असले, तर वडील हजर होण्यास उन्हाळा उजाडतो. सांगणाऱ्याच्या मनात एका दिवसाचे निलंबन असते, मुलाच्या वाट्याला चार-पाच महिने येतात. पालकांऐवजी आजीआजोबांना किंवा नातलगाला पालक मानण्याची साधी तजवीज केली, तरी हे टळते.

मूल आईवडिलांबरोबर गेले, तर दुसरी अडचण उभी राहते. राज्यातील सर्वेक्षणांत सलग महिनाभर गैरहजर राहणारे मूल शाळाबाह्य समजले जाते. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी अशा मुलांचा शोध घेण्यात आला होता. मूल शाळाबाह्य ठरते ते त्याला परत आणण्यासाठी. पण दीर्घ गैरहजेरी हेच कारण देऊन पटावरून नाव कमी केले गेल्यास शोधण्याचे साधनच नाहीसे होते. नगर जिल्हा मजूर धाडणारा आहे, तसाच घेणाराही आहे. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ या जिल्ह्यातील प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास झाला आणि बीडकडील टोळ्या येथील कारखान्यांवर दरवर्षी येतात. एकाच हंगामात जिल्ह्यातील काही गावांचे पट रिकामे होतात व कारखान्यांच्या आसपासच्या गावांत पटावर नसलेली मुले वाढतात. साखरशाळा, गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलासोबत द्यावयाचे शिक्षण हमी पत्रक हे यावरील उपाय होत. पत्रक दाखविताच नव्या गावच्या शाळेने मुलाला बसवून घ्यावे व परतल्यावर जुन्या शाळेने त्याचे नाव पुन्हा चालू धरावे, अशी त्यामागील कल्पना आहे. वयात आलेल्या मुलीचे लग्न ठरले म्हणून तिचे नाव परस्पर कमी करणे हे तर दुहेरी बेकायदेशीर आहे. शाळेने अशा वेळी बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यास, म्हणजे गावपातळीवर ग्रामसेवकास, कळवावयाचे असते.

दाखला : शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तन’, ‘शाळा सोडल्याचे कारण’ व ‘शेरा’ असे रकाने असतात. तो जनरल रजिस्टरवरून तयार होतो आणि हे रजिस्टर शाळेने कायम जतन करावयाचे असते. त्यातील नोंद पूर्वपरवानगीवाचून बदलता येत नाही. तेराव्या वर्षी लिहिलेला ‘वर्तन असमाधानकारक’ हा शेरा त्यामुळे माणसाची आयुष्यभर सोबत करू शकतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ ने विधिसंघर्षग्रस्त बालकालाही नव्याने सुरुवात करण्याचा हक्क दिला असून, प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी त्याची माहिती उघड करण्यास पोलिसांना मनाई केली आहे. गुन्ह्याची नोंद पुसली जाते आणि वर्गातील दंगामस्तीची राहते, अशी ही विसंगती आहे.

निष्कासनास मनाई असल्यामुळे काही शाळा पालकांकडूनच दाखल्यासाठी अर्ज लिहून घेतात. मग कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे येते आणि कागदोपत्री सर्व यथास्थित दिसते. अशा अर्जावर सही करण्यापूर्वी पालकाने जाणावयाच्या गोष्टी दोन आहेत : आठवीपर्यंत असा अर्ज देण्यास त्याला कोणीही भाग पाडू शकत नाही, आणि दाखला मिळण्यास विलंब झाला तरी त्या कारणावरून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दुसरी तरतूद कलम ५ मध्ये आहे. २०२१ मध्ये कोविडच्या काळात राज्य शासनाने नववी व दहावीसाठीही दाखल्यावाचून वयानुरूप प्रवेश देण्याचे निर्देश दिले. २०१५ पासून ‘सरल’ या संगणकप्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद होऊ लागल्यावर नाव हलविण्यासाठी नव्या शाळेची मागणी व जुन्या शाळेची संमती आवश्यक झाली. जुन्या शाळेने नाव मोकळे केले नाही, तर मूल प्रत्यक्षात एका वर्गात बसलेले आणि पटावर दुसऱ्याच शाळेत, असा प्रकार घडतो. अशा वेळी गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून नोंद हलवून घ्यावी लागते.